दोन्ही मुठी वर गेल्या, आता बॉल कोणाचा?

बास्केटबॉलचा सामना, तिसऱ्या क्वार्टरची चार मिनिटं उरली होती. निळ्यांचा बारा नंबर आणि पांढऱ्यांचा आठ नंबर बास्केटखाली मघापासून एकमेकांवर रेलून उभे होते. आठनं बाराच्या काखेत हात अडकवलेला, बारा पाठीनं त्याला रेटतोय. मी त्यांच्यापासून दोन-अडीच मीटरवर, बेसलाइनच्या, म्हणजे बास्केटमागच्या रेषेच्या बाहेर. दोनदा तोंडी सांगून झालं होतं, ‘हात सोड, पाठ सरळ कर.’ तिसऱ्या वेळी दोघांनी एकदमच जोर लावला, दोघंही तिरपे झाले आणि मी शिट्टी फुंकली. दोन्ही हातांच्या मुठी वळून डोक्यावर हलवल्या. दोघांनी एकमेकांवर एकाच वेळी केलेला, म्हणजे डबल फाऊल.

रेफरी म्हणून माझं ते दुसरं वर्ष, आणि सामन्यात दिलेला हा पहिलाच डबल फाऊल. निर्णय बरोबर होता, आजही म्हणेन. घोळ त्यानंतरच्या दहा सेकंदांत झाला.

टेबलाकडे धावत गेले, आधी निळा बारा दाखवला, मग पांढरा आठ. स्कोअररनं दोघांच्या रकान्यात एकेक ‘पी’, म्हणजे पर्सनल (वैयक्तिक) फाऊल, लिहिला. इथवर सगळं पाठ होतं. मग स्कोअररनं मान वर करून विचारलं, ‘मॅडम, बॉल कोणाला?’ आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच माहीत नाही. शिट्टीच्या क्षणी मी त्या दोघांच्या हातांकडे बघत होते. डोक्यात एवढंच उरलं होतं, की नजरेच्या कडेला बॉल हवेत दिसला होता. हवेत म्हणजे कुणाच्याच हातात नाही, कुणाच्याच हातात नाही म्हणजे जम्प बॉलची स्थिती, म्हणजे बाण: बॉल कुणाचाच नसला की तो आळीपाळीनं कुणाला द्यायचा ते दाखवणारी खूण. टेबलावरचा बाण पांढऱ्यांच्या दिशेनं होता. मी झोकात हात लांब करून पांढऱ्यांची दिशा दाखवली.

निळ्यांचा कोच बाकावरून ताडकन उठला. ‘मॅडम, बॉल आमचा होता!’ कोच असं ओरडतातच, त्यामुळे मी चेहरा कोरा ठेवला. चेहरा कोरा ठेवणं हे पहिल्या वर्षी शिकवतात, आणि आपण चुकलेले असतो तेव्हा त्याचा फार उपयोग होत नाही.

पांढऱ्यांचा एक खेळाडू थ्रो-इनसाठी, म्हणजे बाहेरून बॉल आत टाकायला, रेषेबाहेर जाऊनही उभा राहिला. बॉल माझ्या हातात होता. तेवढ्यात पलीकडून माझ्या जोडीदारानं शिट्टी वाजवली आणि तो धावत आला. पंधरा-सोळा वर्षं शिट्टी वाजवणारा माणूस, मी त्याला सर म्हणते. त्यानं माझ्या खांद्याआड तोंड लपवून हळूच विचारलं, ‘कशावर दिलास बाण?’

‘बॉल हवेत होता ना, सर.’

‘अगं, पास हवेत होता. शॉट नाही.’

त्या एका वाक्यानं माझे कान तापले. नियम मला येत होता, परीक्षेत त्याला पूर्ण गुण होते. संघाचा बॉलवरचा ताबा पासनं सुटत नाही. एकाच संघातले खेळाडू एकमेकांना बॉल देत असतील तोवर, तो हवेत असला तरी, ताबा त्यांचाच. तो सुटतो तीन वेळा: समोरच्या संघानं ताबा मिळवला, बॉल डेड झाला (म्हणजे खेळ थांबला), किंवा बास्केटसाठी मारलेला शॉट हातातून निघाला. निळ्यांच्या पाच नंबरनं डाव्या बाजूनं बाराला पास टाकला होता, तो पोहोचायच्या आत मी शिट्टी वाजवली होती. ताबा निळ्यांचा. बाणाचा काही संबंधच नव्हता.

अजून थ्रो-इन झाला नव्हता म्हणून वाचलो. सरांनी दोन्ही कोचना जवळ बोलावलं आणि दोन वाक्यांत सांगितलं, ‘शिट्टीच्या वेळी ताबा निळ्यांचा होता. बॉल निळ्यांनाच, फाऊलच्या जवळच्या जागेवरून.’ म्हणजे बोर्डाच्या थेट मागची जागा सोडून बेसलाइनवरून. आता पांढऱ्यांचा कोच तोंड वाकडं करून बसला. हातात आलेलं गेलं, की नियमानं गेलं तरी माणसाला ते हिरावल्यासारखंच वाटतं. पहिली दिशा मी चुकीची दाखवलीच नसती तर त्याला त्याचं काही वाटलं नसतं.

प्रकरण तिथंही संपलं नाही. शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट मारायला उरलेले सेकंद दाखवणाऱ्या घड्याळावर, 14 दिसत होते. सर थबकले. ‘शिट्टीला किती होते?’ क्लॉकवरचा मुलगा हुशार होता, त्यानं हातासरशी सांगितलं, ‘नऊ होते. पुढच्या अर्ध्यात फाऊल झाला म्हणून चौदा केले.’ त्याची चूक समजण्यासारखी होती. बचाव करणाऱ्यानं साधा फाऊल केला, थ्रो-इन पुढच्या अर्ध्यात, म्हणजे कोर्टाच्या हल्ला चाललेल्या बाजूला, असला आणि क्लॉकवर 13 किंवा त्याहून कमी सेकंद असले तर 14 करायचेच असतात. पण डबल फाऊल झाला आणि बॉल त्याच संघाकडे राहिला तर क्लॉकला हात लावायचा नाही. जेवढे उरले तेवढेच. 14 चे 9 झाले आणि निळ्यांचा कोच, जो आत्ताच खूश झाला होता, तोही नाराज झाला. दोन्ही कोच एकाच वेळी नाराज, म्हणजे बहुधा आता सगळं बरोबर झालं असावं, असं मला वाटून गेलं.

सामन्यानंतर बूट सोडता सोडता सरांनी जे सांगितलं ते माझ्या मनात पक्कं बसलंय. म्हणाले, डबल फाऊल देणाऱ्या रेफरीला बॉल कुठे होता ते बहुतेक वेळा माहीत नसतं, आणि ते माहीत नसणंच बरोबर आहे. बॉल बघण्याचं काम दुसऱ्याचं असतं. तू बॉल बघत बसली असतीस तर ते हात तुला दिसलेच नसते. म्हणून शिट्टी मारली, मुठी दाखवल्या, की टेबलाकडे पळायचं नाही. आधी जोडीदाराकडे बघायचं.

किती साधी गोष्ट. पण साधा फाऊल असतो तेव्हा सगळं उत्तर फाऊलमध्येच असतं: कुणी केला, कुणावर केला, बॉल कुणाला, फ्री थ्रो किती. डबल फाऊलमध्ये उत्तर फाऊलच्या बाहेर, शिट्टीच्या आधीच्या क्षणात असतं. दोघांची चूक सारखी, म्हणून शिक्षा एकमेकांत फिटली. राहिला खेळ, तो थांबला तिथून पुन्हा चालू करायचा. दोघांच्या नावावर एकेक फाऊल चढतो, संघाच्या फाऊलमध्येही मोजला जातो, फ्री थ्रो कुणालाच नाही. बाकी जणू काही घडलंच नाही असं चित्र पुन्हा मांडायचं.

त्या रात्री मी कागदावर अर्धं कोर्ट काढलं, शर्टाची जुनी बटणं घेतली आणि तेच प्रसंग मांडत बसले. पाच पांढरी, पाच काळी, बॉल म्हणून एक बारीक मणी. घरच्यांना वाटलं मी काहीतरी खेळतेय. एकदा मांडून बसलं की लक्षात येतं, प्रश्न तीनच आहेत आणि ते ठरलेल्या क्रमानं विचारायचे. डबल फाऊलच्या त्याच सुमाराला वैध बास्केट पडली का, किंवा शेवटचा वा एकमेव फ्री थ्रो आत गेला का? गेला असेल तर गुण धरायचे आणि बॉल ज्यांच्यावर बास्केट झाली त्यांना, त्यांच्या बेसलाइनमागून. नसेल तर, बॉल कुणाच्या ताब्यात होता, किंवा कुणाला मिळायचा होता? त्यांनाच, फाऊलच्या जवळच्या जागेवरून. आणि तेही नसेल, कुणाचाच ताबा नाही आणि कुणाला मिळायचाही नाही, तेव्हा कुठे बाण. मी त्या दिवशी पहिले दोन प्रश्न गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारली होती. बाण टेबलावर डोळ्यांसमोर असतो, लाल, ठळक, दिशा दाखवत. गोंधळलेल्या माणसाला तो फार मोह घालतो.

‘मिळायचा होता’ हे दोन शब्द मी तोवर वाचून सोडून दिले होते. बॉल रेषेबाहेर गेलाय, थ्रो-इन पांढऱ्यांचा आहे, पण रेफरीनं अजून बॉल हातात दिलेला नाही, आणि तेवढ्यात दोघांनी एकमेकांना ढकललं. बॉल डेड असला तरी बेकायदा धक्का हा वैयक्तिक फाऊलच. ताबा कुणाचाच नाही, पण हक्क पांढऱ्यांचा. बॉल पांढऱ्यांनाच. बटणांनी हे मांडलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं.

सगळ्यात जास्त वेळ शॉट हवेत असतानाच्या फाऊलवर गेला. समजा क्लॉकवर 6 सेकंद आहेत, शॉट हातातून सुटलाय, आणि बास्केटखाली दोघांनी एकमेकांना धरलं. शिट्टी झाली तरी हवेतला तो शॉट मरत नाही. आत गेला तर गुण, बॉल समोरच्यांना. रिंगला लागून बाहेर आला तर ताबा कुणाचाच नाही, बाण बघायचा. बाण शॉट मारणाऱ्यांचाच असेल तर त्यांना 14 सेकंद. आणि शॉट रिंगला न लागताच गेला आणि बाण त्यांचाच असेल तर क्लॉकवर तेच 6. एकच शिट्टी, तेच दोन खेळाडू, आणि बॉल चार बोटं इकडे-तिकडे पडला की पुढचं सगळं वेगळं.

हे मांडलं ते बरं झालं, कारण पाच-सहा आठवड्यांनी नेमका हाच प्रसंग समोर आला. लाल विरुद्ध पिवळे. लाल संघाचे त्या क्वार्टरमधले चार फाऊल होऊन गेलेले. लालच्या सात नंबरनं उजव्या बाजूनं तीन गुणांचा शॉट मारला, मी पुन्हा बास्केटखाली, नजर रिबाउंडसाठी, म्हणजे परत येणाऱ्या बॉलसाठी, भिडलेल्यांवर. लालचा अकरा आणि पिवळ्यांचा चार, दोघांनी एकमेकांच्या कमरेला मिठी मारल्यासारखं धरलं. शिट्टी. मुठी. आणि वरून जाळीचा आवाज आला.

या वेळी मी जागची हलले नाही. जोडीदार दुसरा होता, माझ्याच वयाचा. त्याच्याकडे पाहिलं तर तो जवळ येत होता. मी विचारलं, ‘शिट्टीच्या आधी सुटला होता?’ तो म्हणाला, ‘स्वच्छ सुटला होता. पाय रेषेबाहेर. तीन धर.’ त्यानं ते इतक्या सहज सांगितलं की मला त्याचा हेवा वाटला. मग मी टेबलाकडे जाऊन आधी बास्केट मान्य केली, मग दोन्ही नंबर दाखवले, मग पिवळ्यांची दिशा.

पिवळ्यांच्या कोचनं दोन बोटं वर केली. ‘मॅडम, त्यांचा पाचवा टीम फाऊल झाला. दोन फ्री थ्रो!’ बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. साधा फाऊल असता तर त्याला दोन फ्री थ्रो मिळालेच असते. मी म्हटलं, ‘सर, टीम फाऊल मोजला जाईल, पण डबल फाऊलला फ्री थ्रो नाही.’ त्यावर तो म्हणाला, ‘टीव्हीवर तर टीम फाऊलसुद्धा मोजत नाहीत!’ हेही खरंच आहे, फक्त ती एनबीए, अमेरिकेतली व्यावसायिक लीग. तिथं डबल फाऊल खेळाडूच्या नावावर चढतो, संघाच्या खात्यात जात नाही. ताबा कुणाचाच नसेल तर बाण वगैरे भानगडही नाही, सरळ मध्यवर्तुळात जम्प बॉल. आणि दोन रेफरींनी एकाच धक्क्यावर वेगवेगळ्या खेळाडूंना फाऊल दिला, तर तोही तिथं डबल फाऊलच, गुण नाहीत आणि मध्यवर्तुळात उडी. आम्ही फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळवतो. दोघांच्या शिट्ट्या एकदम वाजल्या तर मूठ वर ठेवून आधी एकमेकांकडे बघायचं, तोवर कुणी काही जाहीर करायचं नाही, हे आम्ही सामन्याआधीच ठरवून घेतो. पण चालू सामन्यात कोचला हा सगळा पाढा वाचून दाखवता येत नाही. मी ‘इथं मोजतात, सर’ एवढंच म्हटलं आणि बॉल घेऊन बेसलाइनकडे गेले.

पिवळ्यांच्या खेळाडूच्या हातात बॉल दिला तेव्हा त्यानं विचारलं, ‘मॅडम, धावू शकतो ना?’ चांगला प्रश्न. बास्केट झाल्यानंतरचा थ्रो-इन असल्यामुळे तो बेसलाइनमागे हवा तिकडे सरकू शकतो, मध्ये रेफरीनं बॉल हातात दिला असला तरी. मी मान हलवली. तो दोन पावलं डावीकडे गेला आणि खेळ सुरू झाला.

सगळंच असं गोड झालं नाही. त्याच मोसमात एका सराव सामन्यात मी डबल फाऊल दिला आणि तो द्यायलाच नको होता. एकानं ढकललं, दुसऱ्यानं मागे वळून, बघून, मग ढकललं. मध्ये पुरता एक सेकंद गेला होता. मला मात्र दोघांना सारखं वागवल्याचं समाधान हवं होतं. सर बाकावर बसून बघत होते. मध्यंतरात म्हणाले, ‘दोघांनाही दिलास म्हणजे तू निःपक्ष, असं वाटलं ना तुला?’ मी गप्प. डबल फाऊलसाठी दोन्ही फाऊल जवळपास एकाच वेळी व्हावे लागतात, त्याच दोन खेळाडूंनी एकमेकांवर केलेले, दोन्हींत शरीराचा धक्का, आणि दोन्ही एकाच वजनाचे: दोन्ही साधे वैयक्तिक, किंवा दोन्ही अनस्पोर्ट्समनलाइक (खेळभावना सोडून केलेला) वा डिसक्वालिफायिंग (खेळाडूला थेट बाहेर काढणारा) या गटातले. एकानं साधं ढकललं आणि दुसऱ्यानं कोपर फिरवलं, तर तो डबल फाऊल होत नाही. ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं दोन वेगळे फाऊल, आणि शिक्षाही वेगवेगळ्या. दोघं फक्त तोंडानं भांडले तर धक्काच नाही, मग ते दोन टेक्निकल, म्हणजे धक्क्याविना वागणुकीचे फाऊल. त्यांच्या शिक्षा सारख्या म्हणून एकमेकांत कापल्या जातात आणि बॉल ज्याचा होता त्याच्याकडेच जातो. बघणाऱ्याला सगळं सारखंच दिसतं. स्कोअरशीटवर ते सारखं नसतं.

खरं सांगायचं तर तो सल्ला मला त्या दिवशी बोचला. अवघड क्षणी दोघांना एकेक फाऊल देऊन टाकला की दोन्ही बाजू निम्म्या नाराज होतात, आणि निम्मी नाराजी पचवायला सोपी. हा मोह मला अजूनही होतो. हल्ली मुठी वर नेण्याआधी स्वतःला विचारते, की पहिला हात कुणाचा दिसला? नाव सांगता आलं तर तो एकाचाच फाऊल असतो.

अलीकडचा एक सामना. शेवटचा क्वार्टर, दोन गुणांचा फरक. पांढऱ्यांचा गार्ड मध्यरेषेच्या अलीकडे ड्रिबल करतोय, खाली दोन उंच पोरांनी एकमेकांचे दंड धरलेत. शिट्टी, मुठी. जोडीदाराकडे पाहिलं. त्यानं तळहात पांढऱ्यांच्या दिशेनं किंचित हलवला, मग छातीशी एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याची दोन. सात सेकंद. क्लॉककडे पाहिलं, सातच होते. टेबलाकडे गेले, दोन नंबर दाखवले, दिशा दाखवली. कुणी उठलं नाही, कुणी ओरडलं नाही. मी बेसलाइनकडे वळणार तेवढ्यात टेबलावरच्या मुलीनं, पहिलाच सामना असावा तिचा, बाणाच्या पाटीवर हात ठेवून विचारलं, ‘मॅडम, हा फिरवू?’

‘राहू दे,’ म्हटलं, ‘त्याला हात लावू नकोस.’ आणि पांढऱ्यांच्या हातात बॉल दिला.